गार पाणी

रक्ताचा डाग गार पाण्यानं धुवायचा,
गरम पाण्यानं तो कापडात मुरतो.
तेराव्या वर्षी आईनं मला एवढं सांगितलं
आणि एवढंच सांगितलं.

एकावन्न वर्षांनी पुन्हा तोच नळ.
केमचीची पहाट, खाडीला ओहोटी,
होड्या चिखलात कुशीवर झोपलेल्या,
आणि माझ्या हातात चादरीचा कोपरा,
त्यावर शंभर पेसोच्या नाण्याएवढा डाग.
पाळी जाऊन अकरा वर्षं झाली होती.
जुन्या भाडेकरूनं किल्ली परत न करता जावं
आणि एका रात्री न विचारता दार उघडावं,
तसं वाटलं.

इपोलितो पलंगाच्या कडेला बसून होता,
हात मांडीवर पालथे.
चाळीस वर्षं होड्या बांधलेले हात, एक नख कायमचं काळं.
"माझ्यामुळे?"
"नाही," मी म्हणाले.
तेव्हा मला ठाऊक नव्हतं, तरी म्हणाले.

गेल्या मार्चमध्ये, बटाटे काढून झाल्यावर, आम्ही लग्न केलं.
तो विधुर, मी विधवा.
मुलं आधी हसली, मग अकॉर्डियन आणायला धावली.
दुखतं आहे, हे मी त्याला सांगितलं नव्हतं.
कोरड्या जखमेवरून लोकर ओढावी तसं.
सुखही त्याच दारातून येत होतं
म्हणून मी दार लावलं नाही,
ओठ तेवढे आवळले.

सकाळी चुलीपाशी तो म्हणाला,
होडी फार दिवस पाण्याबाहेर राहिली
की फळ्या आकसतात, सांधे उघडतात.
भरतीत ठेवली की लाकूड फुगतं, आपोआप मिटतं.
मी होडी नाही, इपोलितो.
"खरंय," तो म्हणाला, "होडी इतकं भांडत नाही."
आणि दोघंही हसलो, आणि त्याचे डोळे भरून आले.

दवाखान्यातली यास्ना.
शाळेच्या स्वयंपाकघरात मी हिला दुधावरची साय काढून द्यायचे.
आता तिच्यासमोर गुडघे दुमडून, छताकडे बघत पडायचं.
ती हातमोजे चढवत बोलत राहिली,
हवामान सांगावं तशी.
पाळी जाते तेव्हा आतली कातडीही पातळ होते, टियाʼ एर्सिलिया,
ओल आटते, जरा घासलं की चिरते.
बहुतेक तेच असतं. मलम मिळतं.
कधी मुखाशी छोटासा कोंब येतो, शेंगदाण्याएवढा, काढून टाकतात.
कधी आत सूज. रक्त पातळ करायची गोळी घेता का?
कधी पिशवीचं अस्तर वाढलेलं असतं.
मग ती थांबली.
"आणि कधी?"
"आणि कधी ते," ती म्हणाली.
"म्हणून बघायचं. एकदा आलं तरी बघायचं. थेंबभर आलं तरी."

मला एदेल्मिरा आठवली.
वर्षभर ती घडी घातलेलं फडकं लावून फिरत होती,
मासळी सुकवत होती, मिसेला येत होती.
एवढ्या वयात हे होतं म्हणजे
नवऱ्याला अजून जवळ येऊ देते, असं कळेल लोकांना,
याची तिला मरणापेक्षा जास्त लाज.
बासष्टाव्या वर्षी गेली.
वय झालं होतं, आम्ही म्हणालो, मेणबत्त्या लावता लावता.
मीही म्हणाले.

कास्त्रोच्या इस्पितळात आतून चिमूटभर काढून घेतलं.
मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त दुखलं,
आणि इपोलितोला वाटलं होतं त्यापेक्षा कमी.
निकाल तीन आठवड्यांनी.
परतीच्या बसमध्ये तो माझा हात धरून झोपला,
तोंड उघडं, टोपी घसरलेली.
त्याला उठवून विचारावंसं वाटलं, तुला भीती वाटते का.
नाही उठवलं.

चादर मी मागच्या अंगणात नाही,
रस्त्याकडच्या दोरीवर वाळत घातली.
फिकट तपकिरी कडा राहिली आहे, नीट पाहिलं तर दिसते.
एदेल्मिराची मुलगी टोपली घेऊन जात होती, थबकली.
तिचंही आता पन्नाशीला आलंय.
तिनं काही विचारलं नाही,
मी सांगितलं.
गार पाणी, म्हणाले, आणि दवाखाना.
दोन्ही त्याच दिवशी.